पारोला : एका शब्दाचा दाखला

इटालियन भाषेत ‘शब्द’ या अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द आहे पारोला. (जळगाव जिल्ह्यातलं पारोळा वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही.) तो लॅटिनमधून आला हे वेगळं सांगायला नको, इटालियनमधले बहुतेक शब्द तिथूनच आलेत. गंमत अशी की लॅटिनमध्ये शब्दाला पारोला म्हणतच नव्हते. तिथला शब्द होता वेर्बुम. सिसेरोला कुणी विचारलं असतं तर त्याने वेर्बुमच सांगितला असता. पुढच्या काही शतकांत मात्र लोकांच्या बोलण्यातून वेर्बुम हळूहळू निघून गेला आणि त्याच्या जागी पारोला येऊन बसला. हा पारोला म्हणजे मूळचा पाराबोला. आणि पाराबोला म्हणजे दाखला. पेरणाऱ्याचा दाखला, उधळ्या पुत्राचा दाखला, दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला, रविवारी आपण चर्चमध्ये ऐकतो तोच.

म्हणजे “मला दोन शब्द बोलायचेत” असं इटालियन माणूस म्हणतो, तेव्हा मुळात तो “मला दोन दाखले सांगायचेत” असं म्हणत असतो. त्याला ते माहीत नसतं, ही गोष्ट वेगळी.

मागच्या सत्रात वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी यावर दहा मिनिटं बोलले होते. वेर्बुम का गेला याचं एक छान, गोळीबंद कारण मी तेव्हा सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. मग मागच्या बाकावरून एका सिनियर ताईने एक साधा प्रश्न विचारला आणि माझी बोलती बंद झाली. तो प्रश्न पुढे येईलच. आधी हा शब्द कसा बदलला ते पाहू, कारण तो भाग सरळ आहे आणि आपल्याला मराठीमुळे सहज कळतो.

तत्सम आणि तद्भव आपण शाळेतच शिकलो. क्षेत्र तत्सम, शेत तद्भव. कर्म तत्सम, काम तद्भव. संस्कृत आणि मराठीचं जे नातं, साधारण तेच लॅटिन आणि इटालियनचं. लोकांच्या तोंडात शतकानुशतकं घोळून जे शब्द झिजले ते तद्भव, आणि पंडितांनी पोथीतून जसेच्या तसे उचलले ते तत्सम. पाराबोला या शब्दात आघात दुसऱ्या अक्षरावर, ‘रा’वर. बाकीची अक्षरं मग सैल पडतात. ‘बो’मधला ओ गळला, ‘पाराब्ला’ झालं. ब मऊ होत होत उ-सारखा झाला, ‘पाराउला’ झालं. कातालान भाषेत आजही शब्दाला पाराउलाच म्हणतात, म्हणजे ही पायरी कल्पनेतली नाही, चालती-बोलती आहे. आणि लॅटिनमधल्या ‘आउ’चा इटालियनमध्ये बहुतेक वेळा ‘ओ’ होतो. सोन्याला लॅटिनमध्ये आउरुम, इटालियनमध्ये ओरो. काउझाचं कोझा. तसंच पाराउलाचं पारोला.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये या शब्दाला वेगळीच वाट मिळाली. तिथे र आणि ल यांनी जागांची अदलाबदल केली. स्पॅनिशमध्ये पालाब्रा, पोर्तुगीजमध्ये पालाव्रा. यात अशुद्ध वगैरे काही नाही, माणसाची जीभ हे करतेच. आपल्याकडे नुकसानचं नुस्कान आणि मतलबचं मतबल होतं, ते याच जातीचं. फरक एवढाच की आपण नुस्कानला हसतो आणि पालाब्रा तिकडे शब्दकोशात जाऊन बसला.

हे झालं तद्भवाचं. तत्सम पाराबोलाही इटालियनमध्ये जिवंत आहे. चर्चमधला दाखला म्हणजे पाराबोला, गणितातला अन्वस्त नावाचा वक्र म्हणजे पाराबोला, आणि घराच्या गच्चीवरची टीव्हीची डिश तीही पाराबोला, कारण तिचा आकार त्याच वक्राचा. पारोला ही या सगळ्यांची सख्खी बहीण, पण घरात कुणी तिला ओळखत नाही.

आता अर्थाकडे येते. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो आणि बैठकीत घाईघाईने मी नेमका तोच गाळला होता.

पाराबोला लॅटिनचाही मूळ शब्द नाही, तो ग्रीक आहे. पारा म्हणजे शेजारी, बाजूला, आणि बाल्लेन म्हणजे टाकणे. एका वस्तूशेजारी दुसरी आणून टाकणे, म्हणजे तुलना. पहिल्या शतकातला वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक क्विंटिलियन हा शब्द याच अर्थाने वापरतो. भाषणात उपमा किंवा तुलना द्यायची, त्या युक्तीचं नाव. म्हणजे वर्गातला, पुस्तकातला शब्द. अशा शब्दाने बाजारात उतरून ‘शब्द’ हाच अर्थ घ्यावा, हे कसं झालं?

त्याचं उत्तर हिब्रूत आहे. हिब्रू भाषेत माशाल असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ एका मराठी शब्दात मावत नाही. म्हण म्हणजे माशाल, सुभाषित म्हणजे माशाल, रूपककथा माशाल, कोडं माशाल, टोमणा माशाल, आणि एखाद्या संदेष्ट्याने गंभीरपणे उच्चारलेलं लांब वचन तेही माशाल. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून यहुदी शास्त्राचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. सत्तर जणांनी केलेलं भाषांतर अशी त्याची ख्याती आहे. त्या भाषांतरकारांनी माशालसाठी अनेक ठिकाणी पाराबोले हा ग्रीक शब्द वापरला. तुलना एवढाच अर्थ असलेल्या शब्दावर म्हण, कोडं, टोमणा, वचन असं सगळं ओझं येऊन पडलं. भाषांतरात असं होतं. मूळ शब्द मोठा असतो, आपल्याकडचा लहान, आणि मग लहानालाच मोठं व्हावं लागतं.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणलं तेव्हा हा फुगलेला पाराबोला तिथेही आला. नीतिसूत्रे या पुस्तकाची सुरुवात जेरोमच्या लॅटिनमध्ये ‘शलमोनाचे पाराबोले’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. त्यात गोष्टी नाहीत, नुसती वचनं आहेत. त्याहून चांगलं उदाहरण गणना या पुस्तकातल्या बलामाचं. बलाम म्हणजे ज्याची गाढवी बोलली तो. राजाने त्याला इस्राएलला शाप द्यायला बोलावलं. तो उभा राहतो, ‘आपला पाराबोला हाती घेतो’ आणि बोलू लागतो. इथे दाखला नाही, तुलनाही फारशी नाही. पाराबोला घेणे म्हणजे सरळ बोलायला सुरुवात करणे. ईयोबाच्या पुस्तकातही असंच येतं. तुलना, मग वचन, मग बोलणं. बोलण्यापासून शब्दापर्यंत यायला एकच पाऊल उरतं.

याच पाराबोलापासून क्रियापदही झालं, पाराबोलारे. झिजून त्याचं इटालियनमध्ये पार्लारे आणि फ्रेंचमध्ये पार्ले झालं. अर्थ, बोलणे. अभिजात लॅटिनमधलं बोलण्याचं क्रियापद लोक्वी, ते विस्मरणात गेलं.

मराठीत आपण येशूच्या या गोष्टींना दाखला म्हणतो, कुठे दृष्टांत म्हणतो. दृष्टांत हा शब्द आपल्याकडे जुना. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त गोळा केले, हत्ती आणि आंधळ्यांचा त्यातलाच. दाखल्याचं मात्र मला नेहमी हसू येतं. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, ज्यासाठी खिडकीपुढे रांग लावायची आणि दुपारी जेवणानंतर या असं ऐकायचं, तोच शब्द आपण उधळ्या पुत्राला लावतो. पण विचार केला तर चुकीचं काही नाही. दोन्हीकडे काम एकच, दुसऱ्याला पटेल असं काहीतरी पुढे ठेवायचं.

आता माझ्या गोळीबंद कारणाकडे. मी काय सांगितलं होतं? योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात ज्या ग्रीक ‘लोगोस’ने होते, त्याला लॅटिनमध्ये वेर्बुम म्हटलं. मराठी बायबलमध्ये तिथे ‘शब्द’ आहे. हा शब्द म्हणजे साक्षात ख्रिस्त. मग ख्रिस्ताचं नाव झालेला शब्द भाजी घेताना कसा वापरायचा? लोकांनी श्रद्धेने वेर्बुम देव्हाऱ्यात ठेवला आणि व्यवहारासाठी पाराबोला घेतला. हे माझ्या डोक्यातलं नव्हतं, अभ्यासकांनी मांडलेलं कारण आहे आणि बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मी त्याला आणखी सजवलं. जुन्या मिसाच्या शेवटी योहानाची ही सुरुवात वाचत आणि शब्द देही झाला या ओळीला गुडघा टेकत, तेही सांगितलं.

ताईने विचारलं, “अगं, पण मग पाव कसा टिकला?”

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, शब्द पवित्र झाला म्हणून लोक तो वापरायचे थांबले असतील, तर वेदीवरच्या भाकरीपेक्षा पवित्र काय आहे? भाकरीला लॅटिनमध्ये पानिस. तो शब्द इटालियनमध्ये पाने होऊन टिकला. पोर्तुगीजमध्ये तो पांव झाला आणि गोव्यातून आपल्या मराठीत पाव होऊन आला, मिसळीबरोबर आपण खातो तो. पित्याला पातेर. देवाला रोज पिता म्हणून हाक मारतात, म्हणून घरातल्या बापाला कुणी दुसरा शब्द शोधला नाही. इटालियन पाद्रे घरातही आहे आणि प्रार्थनेतही. पोर्तुगीजमधला पाद्रे आपल्याकडे पाद्री झाला. रक्त, शरीर, द्राक्षारस, मिसामधला एकही शब्द श्रद्धेपोटी स्वयंपाकघरातून हद्दपार झाला नाही. मग एकट्या वेर्बुमनेच काय केलं होतं?

मी तेव्हा काहीतरी पुटपुटून खाली बसले. खरं सांगायचं तर ते कारण मला आवडलं होतं कारण ते मला माझ्या धर्माचं कौतुक वाटत होतं. साधी माणसं, शब्दाचा एवढा मान ठेवणारी. आणि मी वापरलेला मिसाचा पुरावा तर उलटा निघाला. मिसाच्या शेवटी ती सुरुवात वाचायची प्रथा मध्ययुगाच्या उत्तरार्धातली आहे. पारोला, फ्रेंच पारोल, पालाब्रा, पालाव्रा, पाराउला हे सगळे एकाच घरातले आहेत, म्हणजे या भाषा एकमेकींपासून दूर होण्याआधीच पाराबोला लोकांच्या बोलण्यात रुजला असला पाहिजे. नंतर सुरू झालेल्या प्रथेने आधीचा बदल कसा होणार?

आता मला असं वाटतं, की वेर्बुमला कुणी देव्हाऱ्यात ठेवलं नाही, त्याचा लोकांमधला वावर आधीच कमी होत होता. एक तर शाळेतल्या पंतोजींनी तो धरला होता. व्याकरणात वेर्बुम म्हणजे क्रियापद, इंग्रजीतला व्हर्ब तोच. दुसरं म्हणजे जुन्या लॅटिनमध्ये वेर्बा, म्हणजे नुसते शब्द, याला पोकळ बडबडीचा वास होता. वेर्बा दारे असा एक लॅटिन वाक्प्रचार आहे. शब्दशः ‘शब्द देणे’. पण अर्थ काय, तर फसवणे! आपल्याकडे शब्द दिला की तो पाळावा लागतो, रोममध्ये शब्द दिले की समोरचा गंडला. इटालियनमध्ये पुढे हेच उलटलं. तिथे आज वचन द्यायचं असेल तर पारोलाच देतात, आणि ती आपल्यासारखी पाळायची असते.

आणि दुसऱ्या बाजूने पाराबोला येत होता तो प्रवचनांतून. मार्क सांगतो की येशू लोकांशी दाखल्यांशिवाय बोलतच नसे. ज्याला लिहितावाचता येत नाही अशा शेतकऱ्याच्या कानावर रविवारी काय पडत होतं? आता पाराबोला ऐका, प्रभूने हा पाराबोला सांगितला. चर्चमधलं बोलणं म्हणजे पाराबोला, एवढं त्याला पुरेसं होतं. इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मपरिषदेने तर सांगितलंच, की प्रवचनं लोकांना कळतील अशा गावठी रोमन बोलीत करावीत. तोवर पाराबोला रुजलेला होता, पण धर्मगुरू आणि लोक कुठल्या भाषेत एकमेकांना भेटत होते ते यावरून दिसतं. माझ्या मते शब्द भीतीमुळे गेला नाही, गोष्ट ऐकणाऱ्यांनी गोष्टीचंच नाव बोलण्याला दिलं. अभ्यासकांत अजून दोन्ही मतं आहेत, पण ताईच्या पावाला उत्तर देणारं मला तरी कुणी भेटलं नाही.

एक बारीक गोष्ट यातच लक्षात आली. योहानाच्या शुभवर्तमानात पाराबोले हा शब्द एकदाही येत नाही. जिथे त्याला तसं काही म्हणायचं आहे तिथे तो दुसराच ग्रीक शब्द वापरतो. म्हणजे वेर्बुम योहानाचा आणि पाराबोला मत्तय, मार्क, लूक या तिघांचा. लोक तिघांच्या बाजूला गेले म्हणायचं.

गोष्टीवरून बोलण्याकडे जाणारा रस्ता फक्त इटलीत नाही. लॅटिनमध्ये फाबुला म्हणजे कथा, त्यावरून फाबुलारी म्हणजे गप्पा मारणे. त्याचं स्पॅनिशमध्ये आब्लार झालं आणि पोर्तुगीजमध्ये फालार. दोन्हींचा अर्थ बोलणे. तिकडचे लोक कथा सांगतात, इकडचे दाखले. रुमानियन भाषेत शब्दाला कुविंत म्हणतात, तो आला कोन्वेन्तुम या लॅटिन शब्दापासून, म्हणजे सभेपासून. हे वाचून मी उडालेच, कारण आपल्याकडे तेच आहे. गोष्ठ म्हणजे गायी बांधायची जागा, आपला गोठा. त्यावरून गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी, मग त्यांचं बोलणं, आणि शेवटी आपली गोष्ट. आजी सांगते ती गोष्ट आणि ‘ही गोष्ट खरी’ यातलीही गोष्ट. रुमानियात लोक जमले आणि शब्द झाला, आपल्याकडे गायींपाशी लोक जमले आणि गोष्ट झाली.

पाराबोलाची मुलं-नातवंडं बेळगावातही भेटतात. मठांमध्ये मौन पाळायचा नियम असे. बोलायचं असेल, पाहुणा आला असेल, तर त्यासाठी एक वेगळी खोली असायची. पार्ले म्हणजे बोलणे, म्हणून ती बोलण्याची खोली. तिच्या फ्रेंच नावापासून इंग्रजीत पार्लर झाला. खडेबाजारातल्या ब्यूटी पार्लरच्या पाटीवर त्या मठातली खोली आहे, आणि आत गेल्यावर मौन कुणी पाळत नाही हेही परंपरेला धरूनच. पार्लमेंट हीदेखील मुळात बोलण्याचीच जागा. पेपरात कैदी पॅरोलवर सुटल्याची बातमी येते, तो फ्रेंच पारोल, ‘मानाचा शब्द’. पळून जाणार नाही असा शब्द देऊन युद्धकैदी सुटायचे, त्यावरून. आणि भाषाविज्ञानाच्या तासाला सोस्यूर येतो तेव्हा फळ्यावर लांग आणि पारोल लिहिलेलं असतं, त्यातलाही पारोल हाच. भाषेचा नियम एकीकडे आणि प्रत्यक्ष बोलणं दुसरीकडे. १९१६ साली त्याचं पुस्तक निघालं तेव्हा तो हयात नव्हता.

वेर्बुमचं पुढे काय झालं? १५१९ मध्ये इरॅस्मसने आपल्या नव्या कराराच्या दुसऱ्या आवृत्तीत योहानाच्या सुरुवातीला वेर्बुम काढून सेर्मो घातला, म्हणजे बोलणं, संभाषण. फार जुन्या काही लॅटिन भाषांतरांत तसंच होतं, असं तो सांगत राहिला. पण गदारोळ उठला, त्याच्याविरुद्ध प्रवचनं झाली, त्याला स्वतंत्र पुस्तिका लिहून खुलासा करावा लागला. इटालियनमध्ये १६०७ साली जिनिव्हात जोव्हान्नी दियोदातीने प्रोटेस्टंट भाषांतर काढलं. त्याने तिथे बिनधास्त पारोला लिहिलं. कॅथलिक इटालियन बायबलमध्ये आजही तिथे वेर्बो आहे, लॅटिनमधला तत्सम. त्यामुळे इटलीत एखाद्याच्या हातातलं बायबल कुठल्या पंथाचं आहे हे ओळखायला अनेकदा योहानाची पहिली ओळ पुरते.

पण कॅथलिक मिसामध्येही पारोलाने मागच्या दाराने प्रवेश केलाच. लॅटिन मिसामध्ये वाचन संपलं की वाचणारा ‘प्रभूचा वेर्बुम’ असं म्हणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिसा इटालियनमध्ये होऊ लागला, तिथे आता म्हणतात ‘देवाची पारोला’, आणि शुभवर्तमानानंतर ‘प्रभूची पारोला’. नाताळच्या दिवसाच्या मिसाला शुभवर्तमान योहानाच्या सुरुवातीचं असतं. गेल्या वर्षी मी रोममधला तो मिसा मोबाइलवर मुद्दाम इटालियनमध्ये ऐकला. वाचन वेर्बोने सुरू झालं. मधे एकदा वेर्बो देही झाला. आणि शेवटी वाचणारा थांबला, मान वर केली आणि म्हणाला, प्रभूची पारोला. ताईला मी लगेच व्हॉट्सअॅप केला. तिचं उत्तर आलं, “आणि पाव?”